रोजच्या सायकलीचे टायर : पैसे कुठे वाचवावेत, कुठे वाचवू नयेत

प्रश्न : मी रोज सायकलने कार्यालयात जाते. जाऊन-येऊन साधारण १८ किलोमीटर होतात. रस्ता बहुतेक डांबरी आहे, मधला थोडा भाग खडीचा आहे. मागचा टायर मधोमध सपाट झाला असून गेल्या दोन महिन्यांत तो सारखा पंक्चर होतो आहे. पुढचा अजून बरा दिसतो. टायरच्या बाजूला '३७-६२२' आणि '२८ x १ ५/८ x १ ३/८' असे आकडे आहेत. चौकशी केली तेव्हा एका दुकानदाराने २८ इंची, दुसऱ्याने २९ इंची आणि तिसऱ्याने '७००' लिहिलेला टायर पुढे केला, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. फार खर्च करायची तयारी नाही. सर्वांत स्वस्त टायर घेतला तर चालेल का? पावसात घसरू नये म्हणून खोल नक्षीचा घ्यावा का? दोन्ही टायर एकदमच बदलावेत का?
— एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

स्वस्त टायर जरूर घ्या, मात्र दुकानातला सर्वांत स्वस्त घेऊ नका. खोल नक्षीची तुम्हाला गरज नाही, आणि पुढचा टायर खरोखरच चांगल्या स्थितीत असेल तर सध्या एकच टायर विकत घेतला तरी भागेल. ही उत्तरे कशाच्या आधारावर दिली हे कळले, तर दुकानात समोर काहीही आले तरी निवड तुमची तुम्हाला करता येईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पैसे खर्च करण्याआधी पंक्चरचे कारण शोधायला हवे, कारण प्रत्येक पंक्चरचा दोष टायरकडे जात नाही. पुढच्या वेळी ट्यूब काढताना टायरवर व्हॉल्व्हच्या जागी खडूची खूण करा आणि ट्यूबची कोणती बाजू कोणत्या अंगाला होती हे ध्यानात ठेवा. मग भोक सापडले की टायरवरची नेमकी जागा हुडकता येते. भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असेल, तर काहीतरी टायरमधून आरपार आत आलेले आहे. अशा वेळी टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूहळू फिरवा. काचेचा कण, काट्याचे टोक किंवा मोठ्या वाहनांच्या फाटलेल्या टायरमधून रस्त्यावर पडणारी केसासारखी बारीक पोलादी तार असेल, तर कापूस तिथे अडकतो. ही तार डोळ्यांना सहसा दिसत नाही, ती तशीच आत राहते आणि नव्या ट्यूबलाही दुसऱ्याच दिवशी भोक पाडते. 'सारखे पंक्चर होते' या तक्रारीमागे अनेकदा एकच तार असते. भोक आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल, तर रिमवरची पट्टी सरकली आहे किंवा एखाद्या स्पोकचे टोक वर आले आहे. तिथे कितीही महाग टायर घातला तरी पंक्चर थांबणार नाही. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटून ट्यूब रिमच्या कडेखाली चेमटली, असे समजावे.

तुमचा मागचा टायर मधोमध सपाट झाला आहे, म्हणजे त्या जागी रबर झिजून पातळ झाले आहे आणि बारीक काचही आता सहज आत शिरत असणार. केवळ सपाट झाला म्हणून टायर लगेच निकामी होतो असे नाही. परंतु रबराखालचे धागे दिसू लागले, कुठे फुगवटा आला, खोल चीर पडली किंवा बाजूच्या भिंतीवर भेगांचे जाळे दिसू लागले, तर तो त्याच आठवड्यात बदलावा. सपाटपणाच्या जोडीला वारंवार पंक्चर सुरू झाले असेल, तर वरीलपैकी काही दिसत नसले तरी त्याला निरोप देण्याची वेळ आली आहे.

आता आकड्यांकडे वळू. तुमच्या टायरवरचे '३७-६२२' हेच खरे माप आहे. ६२२ म्हणजे रिमच्या ज्या गोलाकार बैठकीवर टायरची तार बसते, त्या वर्तुळाचा मिलिमीटरमधील व्यास, आणि ३७ म्हणजे हवा भरल्यावर टायरची अंदाजे रुंदी. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ५७७५ मध्ये हीच पद्धत आहे आणि बऱ्या कंपनीच्या प्रत्येक टायरवर ती छापलेली असते. इंचांचे आकडे जुन्या काळापासून चालत आलेले आहेत; टायरचा बाहेरचा व्यास साधारण किती, एवढेच ते सांगतात, आणि तेही नेहमी बरोबर नसते. तुमच्यासमोर ठेवलेले २८ इंची, २९ इंची आणि '७००सी' हे तिन्ही टायर ६२२ चेच असू शकतात. २९ इंची म्हणजे त्याच बैठकीचा जाड, बहुधा डोंगरी सायकलीचा टायर, एवढाच फरक. मात्र '२८ x १ १/२' असे लिहिलेला टायर ६३५ चा असतो, जुन्या धाटणीच्या दांडी-ब्रेकच्या सायकलींचा, आणि तो तुमच्या रिमवर सैल पडेल. २७ इंची टायर ६३० चा असतो, म्हणजे नावाने २८ पेक्षा लहान असूनही ६२२ पेक्षा मोठा. २६ इंचांत तर ५५९, ५८४ आणि ५९० अशा किमान तीन बैठका आहेत आणि त्यांतला एकही टायर दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हणून दुकानात इंचांत बोलूच नका. 'सहाशे बावीसचा, सदतीस रुंदीचा' असे म्हणा आणि हातात घेतलेल्या टायरवर तो आकडा स्वतः वाचून पाहा.

६२२ मध्ये तडजोड नाही, ३७ मध्ये आहे. ३२ पासून ४० पर्यंतचा टायर तुमच्या रिमवर बहुधा बसेल; खरा प्रश्न फ्रेम, पुढचे चाक धरणारा काटा (फोर्क) आणि मडगार्ड यांच्यातल्या जागेचा असतो. सध्याच्या टायरभोवती सर्वांत अरुंद ठिकाणी किती मोकळी जागा आहे ते मोजा, आणि नव्या टायरच्या दोन्ही बाजूंना व वर किमान ५-६ मिलिमीटर उरतील असे पाहा. याहून कमी जागेत चिखल किंवा खडा अडकून चाक अडखळते. रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते, त्यामुळे ती कमी दाबाने भरता येते, खडीचा रस्ता अंगाला कमी जाणवतो आणि रिमला मार बसत नाही. अरुंद टायर वेगवान असतो हा समज पक्क्या रस्त्यावरच्या रोजच्या वेगाला फारसा लागू पडत नाही. माझ्या मते तुम्ही ३७ वरच राहावे, कारण मडगार्ड आणि ट्यूब दोन्ही आहेत तशीच चालतील आणि त्यावरचा खर्च वाचेल.

पावसाची तुमची काळजी रास्त आहे, पण तिचा उपाय खोल नक्षीत नाही. मोटारीच्या टायरला पाणी बाजूला सारण्यासाठी खाचा लागतात, कारण तो रुंद असतो, त्यातला दाब कमी असतो आणि वेग जास्त असतो. सायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असतो व त्यात दाब त्याहून बराच अधिक असतो, त्यामुळे तो पाणी आपोआप कापत जातो. विमानांच्या चाकांसाठी वापरतात त्या ढोबळ सूत्राने हिशेब केला तर सायकलच्या दाबाला पाण्यावर तरंगायला ताशी १०० किलोमीटरच्या वर वेग लागेल. ओल्या रस्त्यावर सायकल घसरते ती रंगवलेल्या पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर, तेलाच्या डागांवर आणि ओल्या पानांवर. तिथे उपयोगी पडतो तो रबराचा मऊपणा आणि बेताची हवा, नक्षी नव्हे. उलट मोठ्या गुट्ट्यांचा, म्हणजे रबराचे ठळक उंचवटे असलेला टायर डांबरावर गुंजत चालतो, पेडलवर जास्त जोर मागतो, आणि वळणावर गुट्टे वाकल्यामुळे पकड कमीच होते. तुमच्या खडीच्या तुकड्यासाठी मधोमध जवळजवळ गुळगुळीत पट्टा आणि कडांना उथळ खाचा असलेला टायर पुरेसा आहे. पूर्ण गुळगुळीत टायरही डांबरावर बिनघोर चालतो; त्याला घाबरण्याचे कारण नाही.

स्वस्त आणि महाग टायरमधला फरक कशात असतो हे कळले, की पैसे कशासाठी मोजायचे हे ठरवता येते. टायरच्या कडेतली तार पोलादी असली तर टायर घडी होत नाही; अरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याची असली तर घडी होते, वजन थोडे घटते आणि किंमत बरीच वाढते. रोज कार्यालयात जाणाऱ्या माणसाला या हलकेपणाचा उपयोग नाही, म्हणून पोलादी तारेचाच घ्या. टायरच्या अंगातल्या कापडात एका इंचात किती धागे आहेत तोही आकडा जाहिरातींत ठळकपणे छापतात. शंभराच्या वरचा आकडा म्हणजे बारीक धागा, लवचीक आणि नाजूक भिंत, मुख्यतः शर्यतीसाठी. तीसपासून साठ-सत्तरपर्यंतचे जाडसर कापड रोजच्या वापराला अधिक टिकाऊ ठरते आणि स्वस्तही पडते. दोन रंगांच्या भिंती, नक्षीचे पेटंट, 'रेसिंग' हा शब्द, यांतल्या कशासाठीही जास्त पैसे देऊ नका.

ज्यासाठी पैसे द्यावेत अशी एकच गोष्ट आहे : रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली असलेला पंक्चररोधक पट्टा. तो दोन प्रकारचा मिळतो. एक म्हणजे घट्ट विणलेल्या नायलॉनची किंवा अरामिडची पातळ पट्टी. ती काचेच्या कपऱ्या अडवते, वजन फारसे वाढवत नाही, मात्र लांब काटा किंवा ती केसासारखी तार तिच्यातून कधीकधी वाट काढते. दुसरा प्रकार म्हणजे लवचीक रबराचा जाड थर. श्वाल्बेच्या मॅरेथॉन टायरमध्ये तो सुमारे ३ मिलिमीटरचा असतो आणि मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटरचा. हा थर इतका जाड असतो की त्यात रुतलेल्या वस्तूचे टोक ट्यूबपर्यंत पोहोचतच नाही. त्याची किंमत मात्र वजनात आणि पैशांत मोजावी लागते, शिवाय असा टायर चढवताना बोटे दुखून येतात. रस्त्यावर बाभळीसारखे लांब काटे नेहमी पडत असतील, तरच ५ मिलिमीटरच्या वाटेला जावे. तुम्ही वर्णन केलेल्या रस्त्याला साधा पातळ पट्टा असलेला, मधल्याच्या किंचित खालच्या किमतीचा टायर योग्य ठरेल. श्वाल्बे, कॉन्टिनेंटल, मिशलिन, केंडा यांसारख्या नावाजलेल्या कंपन्या उंची मालाबरोबर साध्या श्रेणीतले, पोलादी तारेचे टायरही बनवतात. अनोळखी नावाच्या चकचकीत टायरपेक्षा त्यांच्या या साध्या टायरवर माझा भरवसा अधिक आहे.

किमतीचा हिशेबही नुसत्या आकड्यावर करू नका. वर्षाला अडीचशे दिवस धरले तर तुमचे सुमारे ४,५०० किलोमीटर होतात. बऱ्या प्रतीचा साधा टायर मागच्या चाकावर काही हजार किलोमीटर सहज देतो. अगदी हलक्या प्रतीचा त्याच्या निम्म्यातच बसू शकतो आणि मध्ये पंक्चरचे पैसे व कार्यालयात पोहोचायला झालेला उशीर पदरात टाकतो. किंमत दीडपट आणि आयुष्य दुप्पट असेल, तर महाग दिसणारा टायरच स्वस्त असतो. मात्र सर्वांत महाग टायर त्याच प्रमाणात जास्त टिकतो असेही नाही. त्यांतले बरेचसे वेगासाठी बनवलेले असतात आणि लवकर झिजतात.

सर्वांत स्वस्त टायरला नको म्हणण्याचे कारण केवळ त्याची किंमत हे नाही. ज्या टायरवर मिलिमीटरमधले माप नाही, किती दाबापर्यंत हवा भरावी हे छापलेले नाही आणि बनवणाऱ्याचे नावही धड वाचता येत नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. टायर सपाट जागी ठेवून पाहा. तो वेडावाकडा दिसतो का, कडेची तार कुठे दुमडली आहे का, हे लगेच कळते. मग बाजूची भिंत दोन अंगठ्यांनी वाकवा. वाकवलेल्या जागी केसासारख्या भेगा उमटल्या, तर टायर नवा असला तरी जुन्या साठ्यातला आहे. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर पडल्या पडल्याही कडक होते. उन्हात टांगून ठेवलेला टायर सवलतीत मिळाला तरी टाळावा, आणि जुन्या वापरलेल्या टायरांच्या बाबतीत तर हीच तपासणी आणखी कडक करावी. पंक्चरच होत नाही अशी खात्री देऊन विकल्या जाणाऱ्या भरीव, बिनहवेच्या टायरांचाही मोह तुम्हाला होईल. ते खरोखरच पंक्चर होत नाहीत, पण खडीवरचा प्रत्येक धक्का थेट रिमला, स्पोकला आणि मनगटाला पोहोचवतात, ओढायला जड जातात आणि बसवायला फार कष्ट पडतात. रोजच्या १८ किलोमीटरसाठी मी ते सुचवणार नाही.

आता एक टायर घ्यावा की दोन, याविषयी. चालवणाऱ्याचे निम्म्याहून अधिक वजन मागच्या चाकावर येते आणि पेडलचा जोरही तिथेच लागतो, त्यामुळे मागचा टायर पुढच्याच्या मानाने कितीतरी लवकर झिजतो. दुसरीकडे, मागचे चाक घसरले तर सायकल बहुतेक वेळा सावरता येते. पुढचे घसरले किंवा पुढचा टायर फुटला तर माणूस सरळ खाली येतो. म्हणून चांगला टायर नेहमी पुढे असावा. नवा टायर पुढच्या चाकावर चढवा आणि पुढचा काढून मागे घाला. तुम्हाला वाटेल की पंक्चर तर मागे होते आहे, मग पट्ट्याचा टायर पुढे घालून काय साधणार? पण तुमचे मागचे पंक्चर मुख्यतः रबर झिजल्यामुळे होते आहे. पुढचा टायर जेमतेम झिजलेला असल्यामुळे त्याचे पूर्ण जाडीचे रबर मागे आले, की हा त्रास बराच कमी व्हायला हवा. तो मागे झिजून संपला, की आज घेतलेला पट्ट्याचा टायर मागे जाईल आणि तेव्हा पुढे पुन्हा नवा येईल. अशा रीतीने प्रत्येक टायर पुढे सुरू होऊन मागे संपतो, एका वेळी एकाच टायरचा खर्च येतो आणि पुढचे चाक कधीही झिजलेल्या रबरावर चालत नाही.

याला एकच अपवाद आहे. पुढचा टायर सायकलीसोबत आलेला आणि बऱ्याच वर्षांचा असेल, तर त्याची भिंत वर सांगितल्याप्रमाणे वाकवून पाहा. भेगा दिसल्या तर नक्षी शाबूत असली तरी त्याचे आयुष्य संपले आहे, आणि मग मात्र दोन्ही टायर एकदमच घ्यावेत. त्या खर्चात काटकसर करू नका.

टायरवर वाचवलेल्या पैशांतून दाबमापक असलेला उभा पंप घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. अंगठ्याने दाबून हवेचा अंदाज घेण्याची पद्धत फसवी आहे. जाड भिंतीचा टायर निम्म्या हवेतही कडक लागतो. साधी ब्यूटिल रबराची ट्यूबही पंक्चर नसताना हळूहळू हवा सोडत असते, म्हणून आठवड्यातून एकदा मोजून हवा भरावी. ३७ मिलिमीटरच्या टायरला आणि साधारण ७५ किलो वजनाच्या माणसाला मागे ५५ ते ६० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) आणि पुढे ४५ ते ५० पीएसआय ही चांगली सुरुवात आहे. वजन कमी असेल किंवा खडी जास्त असेल तर थोडे उतरावे, मागे सामान लादत असाल तर थोडे चढावे. मात्र टायरवर छापलेल्या किमान व कमाल मर्यादेबाहेर जाऊ नये. हवा कमी ठेवून चालवल्यास टायरची भिंत सारखी दुमडत राहते आणि भेगा पडतात. नवा टायर वर्षाच्या आत खराब होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे, आणि ते पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

बसवण्याविषयी थोडेसे. टायरच्या बाजूला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळा. कड चढवताना स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका, त्याच्या टोकाने नव्या ट्यूबलाच भोक पडते. प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या मिळतात त्या वापरा, आणि शेवटची वीत शक्यतो हातांनीच आत ढकला. जुन्या ट्यूबवर तीन-चार ठिगळे झाली असतील तर तीही बदला. नवी घेताना ६२२ आणि ३७ हे दोन्ही आकडे तिच्यावर छापलेल्या टप्प्यात बसतात का आणि व्हॉल्व्ह तुमच्या रिमच्या भोकाला जुळतो का, हे पाहा. हवा थोडी भरून चाक सावकाश फिरवा. रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेषा कोरलेली असते; ती दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. एखाद्या जागी ती आत बुडाली असेल तर हवा सोडून तेवढा भाग हातांनी मळून वर आणा आणि पुन्हा भरा. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातला गुळगुळीतपणा राहिलेला असू शकतो, तेव्हा पहिले दोन-तीन दिवस ओल्या रस्त्यावर वळताना वेग कमी ठेवावा.